निधनवार्तांचं पान

सेलिया फेन्विक आमच्या बोलक्या वर्तमानपत्रात पहिल्यांदा आली, त्या दिवशी ते चालवणाऱ्या ऑर्मरॉडसाहेबांनी चॉकलेटची बिस्किटं आणली होती. एकवीस वर्षं मी तिथे दर शुक्रवारी जात होते. एकवीस वर्षं आम्हाला चहात बुडवली की तुटून तळाशी जाणारी साधी बिस्किटं. त्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हाच मी ओळखलं, ही बाई माझ्या मुळावर येणार.

आमच्या ऑल्डरक्लफ गावचा 'हेरल्ड' शुक्रवारी निघायचा. साडेनऊला मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही चौघंजण जमायचो, पानं वाटून घ्यायचो आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती माइकपुढे वाचायचो. आधी कॅसेटी होत्या, नंतर पेनड्राइव्ह आले. दुपारी एकशे चाळीस पिवळ्या पिशव्या भरून टपालात जायच्या. पिशवीवरच्या कार्डाला एका बाजूला ऐकणाऱ्याचा पत्ता, दुसऱ्या बाजूला आमचा. ऐकून झालं की कार्ड उलटायचं आणि पेटीत टाकायचं. त्या एकशे चाळिसांतली एक पिशवी माझ्याच घरी यायची, माझ्या नवऱ्याच्या नावानं.

आणि निधनवार्तांचं पान माझं. तसं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ते माझंच होतं. आमचे श्रोते सगळे सत्तरीपुढचे. पुढारी काय बोलला यात त्यांना काडीचा रस नसतो, कोण गेलं ते आधी हवं असतं. ते नीट वाचणं सोपं नाही. नाव, वय, गल्ली, कुणाची आई, कुणाचा भाऊ, अंत्यविधी किती वाजता, फुलं आणायची की नाही. घाई करायची नाही, आणि रडका सूर लावायचा नाही. मी हेरल्डात तीस वर्षं काढली होती, बातमीदार, उपसंपादक, जे पडेल ते. मला ते साधलं होतं. माणसं रस्त्यात थांबवून सांगायची, "डोरीन, माझ्या बहिणीचं फार छान वाचलंस हो."

सेलिया फेन्विकला तुम्ही ओळखत नसाल, पण आमच्या भागात तिला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बावीस वर्षं ती टीव्हीवर संध्याकाळी साडेसहाला आमच्या प्रांताच्या बातम्या सांगायची. मग चेहरा तरुण हवा म्हणून वाहिनीनं तिला बावन्नाव्या वर्षी घरी बसवलं. आता साठी उलटून गेल्यावर ती आमच्या गावात राहायला आली होती. तिला घरी बसवल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खरं सांगायचं तर, बातमी ऐकली त्या दिवशी मी केक केला होता.

त्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी हॅगशॉ धरणाच्या भिंतीला भेग पडल्याची बातमी मी काढली. तीन आठवडे चिखल तुडवला, पाण्याच्या कचेरीतल्या एका घुम्या माणसाला बोलतं केलं. विल्फ, माझा नवरा, हेरल्डातच जुळारी होता, छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचा. शिशाच्या ओळी उलट्या वाचायची त्याची सवय. माझी ती बातमी त्यानं अक्षर न् अक्षर स्वतःच्या हातानं जुळवली. शुक्रवारी सकाळी अंक निघाला. दुपारी टीव्हीवाल्यांची गाडी आमचा अंक विकत घेऊन धरणाकडे गेली. रोजचंच होतं ते, सकाळी ते आमचा पेपर वाचायचे आणि संध्याकाळी आम्हालाच सांगायचे. साडेसहाला पाहते तर ही बाई लाल कोट घालून माझ्या भेगेसमोर उभी! आकडे माझे, वाक्यं माझी. वाऱ्यानं हिची एक बट उडत होती, तेवढीच काय ती हिची भर. आणि माझा नवरा वाटाण्यांचा चमचा तोंडाशी थांबवून म्हणाला, "बाप रे! एवढी मोठी भेग पडलीय?"

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही, काय चुकलं ते.

पुढे शिशाचे खिळे गेले, विल्फचं काम गेलं. काही वर्षांनी मलाही निरोप दिला. आणि मग चार वर्षांपूर्वी विल्फची नजर गेली. पूर्ण नाही, मधलीच. कडेकडेचं दिसायचं. समोर बसलेल्याचा कोट दिसायचा, चेहरा नाही. मी म्हटलं, मी घरीच पेपर वाचून दाखवते. तर म्हणाला, "नको. घरी तू संपादन करतेस."

"म्हणजे काय?"

"कौन्सिलची बातमी आली की 'नेहमीचंच आहे' म्हणतेस आणि पान उलटतेस. तिकडे माइकपुढे मुकाट्यानं सगळं वाचतेस. मला ती डोरीन बरी."

बरं, मग शुक्रवारी येताना मी त्याची पिशवी हातानं आणावी, तर तेही नाही. "सगळ्यांना टपालानं येते, मलाही टपालानं येऊ दे." शनिवारी सकाळी पिशवी दारातून आत पडली की हा स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचा, यंत्र लावायचा, आणि तिसरा भाग, निधनवार्तांचा, सुरू झाला की आवाज मोठा करून मला हाक मारायचा, "आली गं माझी बायको!" मी तिथेच सिंकपाशी भांडी घासत असायचे. तरी मला ते फार आवडायचं. चेहरा दिसत नसलेल्या माणसाला आपला आवाज हवासा वाटतो, यापेक्षा सत्तरीतल्या बाईला आणखी काय हवं?

सेलिया आली त्या शनिवारी त्यानं मला हाक मारली नाही. पहिल्याच वाक्याला त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली.

"अगं, ही साडेसहाची ना?"

"हो."

"काय वाचते! कौन्सिलची बातमी आहे, पण ऐकत राहावंसं वाटतं."

"कॉलर कशाला नीट करतोयस? तिला तू दिसत नाहीयेस."

"मलाही ती दिसत नाहीये," विल्फ म्हणाला. "फिट्टंफाट."

महिनाभरानं, जानेवारीच्या शेवटी, ऑर्मरॉडसाहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं गावात चाळीस वर्षं औषधांचं दुकान होतं. मऊ बोलायची त्यांना सवयच होती.

"डोरीन, निधनवार्ता यापुढे सेलियाला देऊ या का? तुम्ही खेळाचं पान घ्या. आणि हरवलेली मांजरं."

माझ्या कानांना खरं वाटेना. "का?"

"एका श्रोत्याची विनंती आहे."

"माझं वाचणं आवडत नाही?"

"तसं नाही म्हणाले ते."

"'ते' म्हणजे पुरुष आहे. कोण?"

"श्रोत्यांचं श्रोत्यांपाशी. तुम्ही साखर किती घेता?"

एकवीस वर्षं मी बिनसाखरेचा चहा घेत होते आणि एकवीस वर्षं तेच तो करून देत होते. गावातल्या सगळ्यांची दुखणी पोटात ठेवलेला माणूस, त्याच्याकडून काय बाहेर पडणार? मी खेळाचं पान घेतलं. समोर सेलिया बसली आणि माझं पान तिनं वाचलं. फार वाईट वाचलं असतं तर मी सुखानं घरी गेले असते. तिनं उत्तम वाचलं. प्रत्येक नावाआधी एवढीशी जागा सोडली, जशी दार उघडून कुणाला आत घेताना सोडतात. मला ते एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्या शुक्रवारी मी घरी येऊन ओव्हनची जाळी घासली, हाताची सालं निघेपर्यंत.

पुढच्या शुक्रवारी मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. पिशव्या भरायचं काम माझ्याकडे होतं. विल्फचा पेनड्राइव्ह मी पर्समध्ये टाकून घरी आणला. त्यावर प्रत्येकाचं वाचन वेगळं असतं, सेलियाचं एका बटणात पुसलं जातं. दुपारी विल्फ शेजारच्या हॅरल्डकडे कबुतरांशी गप्पा मारायला गेला तशी मी वरच्या खोलीत गेले, पलंगावर बसले, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेतली, आणि निधनवार्ता माझ्या आवाजात वाचून सेलियाच्या जागी घातल्या. शनिवारी पिशवी पेटीत टाकली. सोमवारी ती आमच्या दारातून आत पडली.

विल्फनं ऐकलं. तिसरा भाग सुरू झाला तसा मान वाकडी करून बसला. मी सिंकपाशी नळ बंद करून उभी.

"आज सेलिया नव्हती?"

"होती. घसा बसला होता तिचा."

"मग तू वाचलंस."

"मी वाचलं."

"हं," विल्फ म्हणाला. "छान वाचलंस."

असं मी पंधरा-सोळा आठवडे केलं. दर सोमवारी तो विचारायचा, "घसा अजून बसलेलाच?" आणि मी म्हणायचे, "अजून." "टीव्हीवाल्यांचे घसे नाजूक," तो म्हणायचा आणि हसायचा. मला वाटायचं, जिंकले मी. एकशे एकोणचाळीस माणसं तिची असू देत, एक माझा राहिला.

एप्रिलमध्ये पलीकडची मार्जरी कुंपणावरून म्हणाली, "मंगळवारी विल्फला पाहिलं हं मी. निळ्या गाडीत. ती तुमची टीव्हीवाली चालवत होती. काय कोट होता गं तिचा!"

मंगळवारी विल्फ बोलिंग क्लबला जायचा, हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचा आमच्याकडचा खेळ. लाकडी गोळा त्याला दिसत नसला तरी इतरांचं काय चुकतंय ते तो बाकावर बसून सांगायचा. निदान मला तसं सांगून जायचा. त्या संध्याकाळी मी बटाटे सोलता सोलता विचारलं, "कसा झाला मंगळवारचा खेळ?"

"बरा. हॅरल्डचा हात बिघडलाय."

त्या मंगळवारी सकाळपासून पाऊस लागला होता. गवत ओलं असलं की क्लब बंद असतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी बटाट्याची सालं इतकी जाड काढली की शेवटी हातात गोट्या उरल्या. पंच्याहत्तर वर्षांचा नवरा. समोरच्या बाईचा चेहरा न दिसणारा. गुडघे दुखतात म्हणून जिना बसून उतरणारा. त्याच्यावरून माझ्या छातीत असं जळेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण जळत होतं. पान घेतलंस, म्हटलं, बातमी घेतलीस, आता हाही हवाय का तुला? मी मंगळवारी सकाळी त्याच्या कोटाचा वास घ्यायला लागले. संध्याकाळी परत घ्यायचे. कोटाला साबणाचा वास यायचा, आमच्या घरचा नसलेला, स्वस्तातला. मला वाटलं होतं, निदान बरं अत्तर तरी असेल.

मे महिन्यात हेरल्डनं पहिल्या पानावर छापलं, की या महिनाअखेरीला छापील अंक बंद. यापुढे सगळं इंटरनेटवर.

कुणाला नवल वाटलं नाही. मार्केट स्ट्रीटवरच्या आमच्या कचेरीत केव्हाच मोबाइलची कव्हरं विकायला लागले होते. चाळीस मैलांवरच्या शहरात बसलेली एक मुलगी सहा गावांची बातमीदारी करायची आणि सहाही गावांत तिनं पाय ठेवला नव्हता. हॅगशॉ धरण आमच्या नदीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे तिला ठाऊक नसायचं. टीव्हीवरच्या साडेसहाच्या बातम्यांत आमच्या गावाचं नाव आलं तर हवामानाच्या वेळी, तेही नकाशाच्या घाईत. मी सेलियाचा लाख राग करीन, पण ती निदान माझ्या भेगेपर्यंत चालत आली होती, चिखलातून, उंच टाचांच्या बुटांनी. शेवटी शेवटी हेरल्डात गावाचं असं एकच पान उरलं होतं, निधनवार्तांचं. ते अजून गावातली माणसं स्वतः लिहून द्यायची. आणि ते पान माझ्याकडे नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी मी नऊला पोचले. अंकाच्या गठ्ठ्यातून ते पान काढलं आणि माझ्या चष्म्याखाली दाबून बसले. सेलिया आली, तिनं चष्मा पाहिला, पान पाहिलं.

"डोरीन, जरा आत येता?"

आत म्हणजे कपबश्या धुवायची जागा. दोन माणसं उभी राहिली तर तिसरं मावत नाही.

"आज मी वाचणार," मी म्हणाले. "एकवीस वर्षं वाचलंय. शेवटचं मीच वाचणार. कोण तो श्रोता आहे त्याला म्हणावं, खड्ड्यात जा."

सेलियानं ओट्यावरची एक बशी उचलली. मग म्हणाली, "विल्फशी बोललात का तुम्ही?"

"माझ्या नवऱ्याचं नाव तुमच्या तोंडी कशाला?"

"डोरीन..."

"मंगळवारी कुठे नेता त्याला?"

"ते त्यांनीच सांगायला हवं."

"तो सांगत नाही. तुम्ही सांगा. बातम्या सांगण्यातच जन्म गेला ना तुमचा?"

तिनं हातातली बशी खाली ठेवली. टीव्हीवर बावीस वर्षांत तिचा चेहरा कधी हलला नव्हता, तो तिथे नळापाशी हलला.

"हॉस्पिटलात. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. जानेवारीत कळलं त्यांना. श्रोत्यांचे फोन मी घेते, तर एक दिवस त्यांचा फोन आला. मला वाटलं यंत्र बिघडलं असेल. त्यांनी विचारलं, डोरीनकडून निधनवार्ता काढून घेता येतील का. म्हणाले, कधीतरी त्यात माझं नाव येईल आणि ती दुसऱ्या कुणाला वाचू द्यायची नाही. मी तिला ओळखतो. ती माइकपुढे बसून वाचेल, चांगलं वाचेल, आणि घरी जाऊन कोसळेल."

साबणाचा तो वास हॉस्पिटलचा होता.

माझ्या मनात आधी काय आलं ते मी लपवणार नाही. विल्फ जाणार, हे नंतर आलं, बरंच नंतर, खोलीत येऊन खुर्चीत बसल्यावर. आधी आलं ते हे, की हिला चार महिने आधी कळलं. धरणाच्या वेळी निदान माझा अंक सकाळी निघाला होता. या खेपेला माझ्याच घरातली बातमी हिच्याकडे आधी गेली.

मी ते पान तिच्यापुढे सरकवलं. तिनं निधनवार्ता वाचल्या. मी बोलिंगचे निकाल वाचले. ऑर्मरॉडसाहेबांनी चहात साखर घातली आणि मी तो प्यायले.

दुपारी विल्फची पिशवी मी टपालात टाकली नाही. हातात घेऊन घरी गेले आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. आतलं काही पुसलं नव्हतं.

"आज हातानं?" तो पिशवी चाचपत म्हणाला.

"टपालाला उशीर होतो."

"तुझ्या टपालाला होतो. बाकीच्यांना शनिवारी मिळते. मला सोमवारी."

मी खुर्ची ओढून बसले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून. मिसेस पिकल्सचा अंत्यविधी अर्ध्यावर आला होता आणि आपलं जिन्यातलं घड्याळ वाजलं. तीन ठोके." तो हसला. "चर्चमध्ये आपलं घड्याळ कुठून येणार? शिवाय आवाज रजईतून आल्यासारखा. म्हटलं, ही बाई वर पलंगावर बसून माझ्यासाठी मेलेली माणसं वाचतेय."

"मग बोलला का नाहीस?"

"बरं वाटायचं ऐकायला."

मग मात्र मला आवरेना. मी ओरडले. "आणि ते दुसरं? ते तिला सांगितलंस! तिला! बावन्न वर्षं मी तुझ्या ताटात वाढतेय आणि तू ते त्या बाईला फोनवर सांगितलंस!"

"तिला सांगणं सोपं होतं," विल्फ म्हणाला. "बावीस वर्षं ती मला वाईट बातम्या सांगत आली, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. म्हटलं, एक आपण तिला सांगून बघू. तुला सांगायला चार वेळा बसलो. ओळच जुळेना."

तो चेहरा माझ्याकडे न करता थोडा बाजूला करून बसला होता. कडेनं दिसायचं ना त्याला, म्हणून माझ्याकडे बघायचं झालं की त्याला दुसरीकडे बघावं लागायचं. इतकी वर्षं त्याचाही मला राग यायचा.

"माझी फजिती बघ," तो म्हणाला. "तीस वर्षं गावातली सगळी मेलेली माणसं मी जुळवली. आणि माझी वेळ आली तर हा पेपर माझ्या आधी गेला! खणात कागद आहे. सेलियानं लिहून घेतलाय. वाच."

"मी वाचायचं नाही म्हणालास ना?"

"तेव्हा नाही. आत्ता वाच. आत्ता मी आहे."

मी वाचलं. "विल्फ्रेड आर्थर ग्रीनहॉल. जुळारी, ऑल्डरक्लफ हेरल्ड. डोरीनचा नवरा. फुलं नकोत. चहा बोलिंग क्लबात, गवत कोरडं असलं तर." सेलियाचं अक्षरही सुंदर होतं, मेलीचं.

"'प्रिय' नाही घातलंस," मी म्हणाले.

"त्या शब्दाचे खिळे सगळ्यात आधी झिजायचे. ज्यांची भांडणं अख्ख्या गल्लीला ऐकू यायची तेही प्रिय. म्हटलं, आपण नको."

"आपली भांडणं गल्लीला ऐकू येत नव्हती."

"तू बोलणंच बंद करायचीस ना! धरणाच्या वेळी दोन दिवस. काय चुकलं होतं माझं तेव्हा?"

मी सांगितलं. तीस वर्षांनी. तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

"घाल तुला हवं तर," पाणी पिऊन तो म्हणाला. "संपादक तू."

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातले शब्द कापत आले होते. त्या दिवशी पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदा एक वाढवला.

"पण तेव्हा सेलियाच वाचेल," विल्फ म्हणाला. "तू वाचलंस तर मला ऐकायचं असणार. आणि नेमका तेव्हाच मी नसणार."

तो सप्टेंबरात गेला. मंगळवारी. त्या शुक्रवारनंतरचे सगळे मंगळवार त्याला मीच हॉस्पिटलात नेलं होतं, बसनं, दोन बस बदलून. सेलियानं गाडीचं विचारलं, मी नको म्हटलं. विल्फ म्हणाला, "निळी गाडी आरामशीर होती गं." मी म्हटलं, "बस मोठी आहे."

ऑर्मरॉडसाहेबांकडे एकशे चाळीस पिवळ्या पिशव्या कपाटात तशाच पडल्या होत्या. ते म्हणाले, एकदाच, शेवटचं, विल्फची बातमी श्रोत्यांना पाठवू या, इंटरनेटवर त्यांना कोण दाखवणार. चर्चची खोली तोवर व्यायामाच्या वर्गाला दिली होती. म्हणून सेलिया आमच्या घरी आली. मी तिला वर नेलं, पलंगावर माझ्या जागी बसवलं आणि तिच्या डोक्यावरून रजई धरून उभी राहिले. दोन्ही हातांनी. हात भरून आले तरी मी सोडली नाही.

ती वाचायला लागली. त्याच्या नावाआधी तिनं तेवढीशी जागा सोडली. 'प्रिय'पाशी किंचित थांबली, अगदी जिथे मी थांबले असते तिथे, आणि तेवढ्यासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही. ती 'नवरा' म्हणाली आणि जिन्यात घड्याळ वाजायला लागलं. तीन ठोके.

सेलियानं रजईतून डोकं बाहेर काढलं. केस विस्कटले होते. "पुन्हा घेऊ या का? घड्याळाचा आवाज आलाय."

"नको," मी म्हणाले. "राहू दे. कुठून वाचलंय ते कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी एकशे चाळीस पिशव्या भरल्या, सगळ्यांची कार्डं सुलटी केली आणि टपालात टाकल्या. विल्फचीही. ती शनिवारी सकाळी दारातून आत पडली, वेळेवर.